रथाच्या थांबण्याचे वर्तमान

श्री. विघ्न येण्याआधी त्याची चाहूल ज्याच्या कृपेने कानी पडते, त्या गजाननास दंडवत करून, आणि घडले तितकेच लिहावे, पदरचे घालू नये, ऐसा नेम धरून हे वर्तमान लिहिले आहे. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी प्रारंभ जाहाला.

घाटाच्या पायथ्यास एक राज्य होते. त्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. मुलूख लहान, तीन बुरूज, एक नगारखाना, आणि पूर्वी पागेत सातशे घोडे होते ते सरून आता एक चारचाकी रथ उरला होता, तो पांढरा, नऊ वर्षे चाललेला, परंतु सरकारस्वारीचा म्हणोन त्याचा मान मोठा. रथशाळेचा अधिकार तुळाजी ढवळे यांजकडे होता. गाडी हाकणे, पुसणे, तिचे कागद सांभाळणे आणि तिच्या प्रकृतीचे वर्तमान महाराजांच्या कानी घालणे, हे सर्व तुळाजी एकटेच करीत. मनुष्य पन्नाशीचा, मितभाषी, कोणी चूक दाखविली तर रागे न भरता तीन दिवस जेवण कमी करणारा, ऐसा होता. महाराजांची कन्या ताईसाहेब घाटमाथ्यावर दिली होती, तीस आठवा महिना लागला होता, आणि शुद्ध द्वादशीस तीस घाट उतरवून बाळंतपणासाठी माहेरी आणावे ऐसे ठरले होते. त्या खर्चासाठी महाराजांनी पन्नास हजार रुपये वेगळे काढून ठेविले होते. त्यापलीकडे खजिन्यात बोलण्याजोगे काही नव्हते, हे राज्यात सर्वांस ठाऊक होते, आणि कोणी बोलत नसे.

पंचमीस सकाळी तुळाजींनी गाडी बाहेर काढिली, तेव्हा पुढील डावे चाक करकरले. पाय ब्रेकवर ठेविला की करकर होई, उचलिला की राही. तुळाजींनी मनात म्हटले, रात्री दव पडले असेल, दोन वेळा थांबविले म्हणजे जाईल. परंतु दोन वेळा थांबविले, दहा वेळा थांबविले, आणि करकर गेली नाही. नगारखान्याच्या ओट्यावर भिकोबा बसले होते. ते वयाने ऐंशी, पूर्वी सरकारी छकड्याचे गाडीवान, खिल्लारी जोडी हाकण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता, आणि आता काम नव्हते तरी रोज येऊन बसत, कारण घरी बसून करावे काय. त्यांनी ती करकर ऐकिली आणि बोलिले, "तुळाजी, तुझं चाक रडतंय रे." तुळाजी बोलिले, "काका, ते ब्रेकचं आहे. पेठेत दाखवावं लागेल." भिकोबा बोलिले, "पेठेत कशाला? कोरडं चाक रडतं. आस कोरडा पडला की चाक रडतं आणि बैल मान टाकतो. तुझ्या गाडीला बैल नाहीत म्हणून तुला कळत नाही इतकंच." तुळाजी हसले आणि गाडी पुसू लागले.

त्या राज्याची चाल ऐसी की, चंपाषष्ठीस खंडेरायाचा छकडा निघण्यापूर्वी गावातील झाडून साऱ्या चाकांस एरंडेल द्यावे, आणि तो मान भिकोबांचा. सायकल असो, हातगाडी असो, मुलांचा पांगुळगाडा असो, भिकोबा पितळी बुधली घेऊन फिरत आणि चाकागणिक थेंब देत. सरकारी गाडीस दर वर्षी टायरावर एक बोट लावीत, तेवढ्याने मान राही. या वर्षी त्यांनी विचार केला की, चाक रडते आहे, यास एका बोटाने काय होणार. मग षष्ठीस पहाटे तुळाजी भरिताची वांगी भाजण्यास घरी गेले असता, भिकोबांनी त्या डाव्या चाकाच्या फटीतून बुधलीचे नळकांडे आत घातले आणि तेल ओतले, आणि थोडे उरले तेही ओतले. हे त्यांनी प्रेमाने केले, यात संशय नाही. नंतर गाडी बाहेर काढिली तेव्हा करकर नाही. तुळाजींनी पाय ठेविला, उचलिला, पुन्हा ठेविला, आणि चाक गप्प. भिकोबा बोलिले, "काय म्हणतंय चाक?" तुळाजी बोलिले, "काही म्हणत नाही, काका." भिकोबा बोलिले, "म्हणेल कशाला? पोटभर प्यायलंय." सदरेवर हे वर्तमान गेले, आणि महाराज संतुष्ट जाहाले की, पेठेत न जाता, कवडी न खर्चता गाडी बरी जाहाली, आणि त्यांनी भिकोबांच्या खांद्यावर शेला घातला. मग तुळाजींस पुसले, "गाडी बरी आहे ना?" तुळाजींस मनात काही खटकले होते, कारण त्यांनी कोठेसे ऐकिले होते की ब्रेकास तेल वर्ज्य. परंतु शेला घातलेला होता, मंडळी हसत होती, सणाचा दिवस होता, आणि तुळाजी बोलिले, "बरी आहे, महाराज." हे तीन शब्द त्यांस पुढे फार जड गेले.

नवमीस तुळाजी रिकामी गाडी घेऊन बुरुजाचा उतार उतरत होते. खाली नगारखान्यापाशी वळण आहे, तेथे त्यांनी ब्रेक दाबिला, तो गाडी थांबावी तितकी थांबेना आणि उजवीकडे ओढू लागली, जैसे उजवे चाक ऐकते आणि डावे ऐकत नाही. तुळाजींनी हातब्रेक ओढिला, गाडी ओट्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. ओट्यावर ते वेळी कोणी नव्हते. तुळाजी आत तसेच बसून राहिले. त्यांच्या मनात ओटा आला नाही, गाडी आली नाही. घाटातील सातवे वळण आले, आणि मागील आसनावर उशी लावून बसलेली ताईसाहेब आली. तीस त्यांनी शाळेत पोहोचविले होते, लग्नात तीस त्यांनीच या गाडीतून सासरी नेले होते. मग ते सदरेवर गेले आणि इतकेच बोलिले, "महाराज, घाटापूर्वी ब्रेक एकदा पेठेत दाखवून आणतो." महाराज बोलिले, "बरी झाली होती ना?" तुळाजी बोलिले, "दाखवलेलं बरं." महाराजांनी पन्नास हजारांची पिशवीच काढून दिली आणि बोलिले, "लागेल ते लावा. उरेल ते लेकीचं."

दशमीस तुळाजी पहिल्या-दुसऱ्या गिअरात, बैलगाडीच्या चालीने, पेठेत मोठ्या कार्यशाळेत गेले. तेथे काचेचे दालन, थंड हवा, आणि दाराशी निरंजन नामे सल्लागार, वय पंचवीस-सव्वीस, गळ्यात पट्टी, हाती पाटीसारखे यंत्र. त्याने तुळाजींस सर म्हणोन संबोधिले, चहा दिला, गाडी आत नेली, आणि तासाने यादी घेऊन आला. यादीत पुढील दोन्ही चकत्या, त्यांस धरून चाक थांबविणारे पॅड, ते पॅड दाबणारे दोन्ही कॅलिपर, मागील ड्रम आणि त्यांचे शू, नळ्या, ब्रेकचे तेल, मजुरी, सारे मिळून सत्तेचाळीस हजार. तुळाजींनी यादी दोनदा वाचिली. मग निरंजन मृदु स्वरे बोलिला, "सर, डावा कॅलिपर गळतोय. पूर्ण ओला आहे. एक बदलायचा म्हणजे दोन्ही बदलायचे, आणि चकत्या जुन्या ठेवून नवीन पॅड टाकणं बरोबर नाही. गाडी कुठे जाणार आहे?" तुळाजी बोलिले, "घाटात. आमच्या ताईसाहेबांना आणायचं आहे. आठवा महिना आहे." निरंजन बोलिला, "मग सर, मी तर म्हणेन विचारच करू नका." तो हे खोटेपणाने बोलिला ऐसे नाही. त्याच्या घरीही बहीण होती, आणि ओले आहे त्या अर्थी गळते आहे, हे त्यास खरेच वाटत होते. परंतु त्यास वरून महिन्याचा आकडाही ठरवून दिलेला होता, आणि भय व आकडा दोन्ही एकाच दिशेस ओढीत असता मनुष्यास त्यांतील कोणते आपणांस नेते हे कळत नाही. तुळाजींनी लेखणी हाती घेतली. पन्नासातून सत्तेचाळीस जाता तीन उरतील, त्यात बाळंतपण होणार नाही, परंतु लेक खाली सुखरूप पोहोचलीच नाही तर बाळंतपण तरी कोणाचे, ऐसा विचार त्यांनी केला, आणि सही करण्यास वाकले.

तेसमयी त्यांस आपल्या आज्याची गोष्ट आठवली. आजे पागेचे कारकून होते. त्या राज्यात कायदा होता की, बारगिरास दिलेला सरकारी घोडा पडला तर डाग दिलेले कातडे कापून आणून पागेत दाखवावे, तेव्हाच नवा घोडा मिळावा, कारण कित्येक लबाड घोडा बाजारी विकून मेला म्हणोन सांगत. आजे म्हणत, या कायद्याने लबाड पकडले गेले थोडे, परंतु जे घोडे केवळ थकले होते आणि मेले ऐसे समजून टाकून दिले होते, ते पुष्कळ वाचले, कारण कातडे कापण्यास गेला म्हणजे मनुष्य घोड्याजवळ जाई आणि त्याचा श्वास चाललेला पाही. तुळाजींनी लेखणी ठेविली आणि बोलिले, "जे बदलायचं ते आधी दाखवा." निरंजन बोलिला, "सर, पिवळ्या पट्टीच्या आत ग्राहकांना परवानगी नाही." तुळाजी बोलिले, "मग काढून बाहेर आणून दाखवा. नाहीतर मी इथंच बसतो. मला दुसरं काम नाही." आणि ते खरेच बसले, आणि चहाचा दुसरा पेला आला तोही प्याले, आणि उठले नाहीत. अखेर निरंजनाने वरिष्ठांस पुसून त्यांस पट्टीच्या आत नेले.

आत रहिमान मिस्त्री होते. हात काळे, चष्मा दोऱ्याने बांधलेला, वयाने तुळाजींच्याच बरोबरीचे. चाके काढून ठेविली होती. तुळाजी बोलिले, "मिस्त्री, मला यातलं कळत नाही. तुम्ही मोजा, मी बघतो." मिस्त्री निरंजनाकडे पाहून किंचित हसले आणि बोलिले, "मोजायला सांगणारा माणूस फार दिवसांनी आला." मग त्यांनी चकतीस माप लाविले. चकतीच्या अंगावर कोरलेले दाखविले की वीस मिलिमीटरांखाली गेली तर टाकावी, आणि माप एकवीसांवर थांबले. बोलिले, "ही बदलायची गरज नाही. घासून साफ करू." उजवी मोजिली, तीही तैसीच. मागील ड्रम उघडून शू दाखविले, ते निम्म्याहून अधिक शिल्लक होते. नळ्या वाकवून पाहिल्या, चीर नाही. मग पुढील पॅड काढून हाती दिला. तो झिजून दोन मिलिमीटर उरला होता, आणि त्याच्या कडेस पोलादाची एक बारीक पट्टी होती. मिस्त्री बोलिले, "हे मात्र गेले. ही पट्टी बघा. पॅड संपत आला की ही चकतीला घासते आणि आवाज करते. मुद्दाम बसवलेली असते. तुमच्या गाडीनं आवाज केला असेल की." तुळाजी बोलिले, "केला होता." मिस्त्री बोलिले, "मग?" तुळाजींनी पॅड उलटून ती पट्टी पुन्हा पाहिली.

मिस्त्रींनी ओला झालेला डावा कॅलिपर हाती घेतला आणि बोलिले, "ही एक गोष्ट मात्र मला सुटत नाही. मीच कागदावर ओलं लिहिलं. आतून ब्रेकचं तेल गळत असेल तर हा बदलावाच लागेल, घाटात जोखीम नको. पण वर टाकीत तेलाची पातळी उतरलेली नाही. गळून गेलं कुठं?" निरंजन बोलिला, "थोडं गळलं असेल. मिस्त्री, आठव्या महिन्याची बाई बसणार आहे. शंका आहे ना, मग बदलू या." मिस्त्री बोलिले, "शंका आहे तर बदलावं लागेल, हे खरं." आणि दोघांनी तुळाजींकडे पाहिले.

येथे तुळाजींची गत कठीण जाहाली. काय घडले ते त्यांस ठाऊक होते, आणि दुसऱ्या कोणास नव्हते. गप्प राहावे तर अठरा हजारांचे दोन कॅलिपर येतील, गाडी सुरक्षित होईल, आणि राज्याची अब्रू पेठेत राहील. बोलावे तर हे दोघे म्हणतील की, सरकारी रथशाळेचा अधिकारी, ब्रेकात एरंडेल घालतो. भिकोबांचे नाव घ्यावे तर म्हाताऱ्याच्या शेल्याचे पेठभर हसे होईल. आणि मुख्य गोष्ट, महाराजांपुढे बरी आहे म्हणोन सांगितले, ते शब्द गिळावे लागतील. तुळाजींनी मनात हिशेब केला, आणि त्यांस दिसले की, त्या यादीतील सर्वांत महाग वस्तू लोखंडाची नाही, ती त्यांची स्वतःची लाज आहे, आणि तिची किंमत ताईसाहेबांच्या पिशवीतून जाणार आहे. मग ते हळू बोलिले, "ते ब्रेकचं तेल नाही. एरंडेल आहे. आवाज बंद व्हावा म्हणून आमच्या रथशाळेत घातलं." निरंजनाने तोंडावर हात धरिला. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी बोट त्या ओलाव्यास लावून नाकापाशी नेले, आणि बोलिले, "एरंडेलच. माझी आजी केसांना लावायची." मग ते आतील रबर उघडून पाहू लागले, आणि ते कोरडे निघाले. बोलिले, "कॅलिपर धडधाकट आहे. पुसून साफ करतो. पण पॅडनं तेल प्यायलंय, ते धुऊन निघत नाही. पुढचे चारही नवे घालायचे, डावे दोन बदलून उजवे जुने ठेवायचे नाहीत, नाहीतर गाडी पुन्हा एकीकडे ओढेल." आणि हात पुशीत बोलिले, "बरं झालं बोललात. लोक डॉक्टरांशी आणि मिस्त्रीशी खोटं बोलतात, आणि दोन्हीकडे जास्त पैसे भरतात."

आता तुळाजींस वाचविण्याचा उत्साह आला. ते बोलिले, "मग ब्रेकचं तेलही राहू द्या." मिस्त्रींनी टाकीत लेखणीएवढे यंत्र बुडविले, त्यावर तांबडा दिवा लागला. ते बोलिले, "नाही, पाहुणे. हे राहू द्यायचं नाही. यात पाणी मुरलंय. घाटात ब्रेक तापले की हे उकळतं, आणि पाय टाकला की पेडल खाली जातं, पायाला काही लागत नाही. यादीतलं मोजून जास्त निघालं ते काढलं, मोजून कमी पडलं ते घालायचं. मोजणं एकच." तुळाजींनी मान डोलाविली. निरंजनाने यादी नवी केली, ती सहा हजार आठशे रुपयांची जाहाली. तिजवर सही घेताना तो बोलिला, "सर, माझ्या वडिलांची गाडी आहे. पुढच्या महिन्यात मीच मापून बघतो." तुळाजी बोलिले, "बघा. आवाज आला तर वाट बघू नका." मग मिस्त्री स्वतः शेजारी बसून गाडी मोकळ्या रस्त्यावर घेऊन गेले, वीस-पंचवीस वेळा हलका ब्रेक दाबवून नवे पॅड चकतीस बसवून घेतले, आणि घाटात दुसरा गिअर सोडू नये, ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरू नये, ऐसे बजावून निरोप दिला. जुने पॅड तुळाजींनी कागदात बांधून घेतले.

त्याच सायंकाळी सदरेवर तुळाजींनी कागद उघडून पॅड महाराजांपुढे ठेविले, त्रेचाळीस हजार दोनशे परत केले, आणि षष्ठीस आपण बरी आहे म्हणोन सांगितले ते खरे नव्हते, मनात खटकले असता बोलिलो नाही, नवमीस गाडी ओट्यावर जाता वाचली, ऐसे सर्व क्रमाने सांगितले. महाराजांनी पैसे बाजूस ठेवून पॅड हाती घेतला. मग बोलिले, "करकर ऐकून मी खूश नव्हतो, आणि बंद झाली तेव्हा खूश झालो. मला गप्प झालेलं चाक आवडलं. यात तुमच्याइतकीच माझी चूक आहे." आणि भिकोबांस बोलाविणे पाठविले. भिकोबांनी पॅड हाती घेऊन ती पोलादाची पट्टी अंगठ्याने पुनःपुन्हा दाबून पाहिली. बोलिले, "म्हणजे हे ओरडायलाच ठेवलेलं?" तुळाजी बोलिले, "होय काका." भिकोबा बोलिले, "आमच्या बैलाला असं काही ठेवलेलं नव्हतं. आम्हांला त्याच्या डोळ्यांत बघावं लागायचं." आणि खांद्यावरील शेला काढून परत देऊ लागले. महाराजांनी तो घेतला नाही.

द्वादशीस सकाळी तुळाजी घाटमाथ्यावर गेले आणि ताईसाहेबांस मागे उशा लावून बसविले. सासूबाईंनी ओटी भरली. मग गाडी दुसऱ्या गिअरात घाट उतरू लागली. चौथ्या वळणावर ताईसाहेब बोलिल्या, "काका, इतकं सावकाश का? मी काही काचेची नाही." तुळाजी बोलिले, "तुम्ही नाही, ताईसाहेब. पण घाईचं काम कुणाचं आहे?" सातव्या वळणावर खडक उजव्या अंगास पुढे आलेला आहे, पलीकडचे दिसत नाही. तेथे गाडी वळली, तो समोर सारा रस्ता मेंढरांनी भरलेला, मध्ये धनगराचे लादलेले घोडे, आणि घोड्यामागे पाठीशी लहान कोकरू बांधलेली एक बाई. तुळाजींनी पाय टाकिला. गाडी उजवीकडे गेली नाही, डावीकडे गेली नाही, सरळ रेषेत मंद होत गेली आणि पहिल्या मेंढरापासून चार हातांवर उभी राहिली. मागील आसनावरील पाण्याची बाटली कलंडलीसुद्धा नाही. धनगर काठी टेकून काचेपाशी आला आणि बोलिला, "थांबा वाईच, पाव्हणं. लई हायती." तुळाजी बोलिले, "येऊ द्या निवांत." कळप गाडीच्या दोन्ही अंगांनी वाहू लागला, लोकर दारांस घासत गेली. ताईसाहेबांनी काच खाली केली, पोटावर एक हात ठेवून दुसऱ्या हाताने मेंढरे मोजू लागल्या, आणि साठापर्यंत जाऊन चुकल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या. तुळाजींनी ब्रेकवरील पाय हलविला नाही.

एणेप्रमाणे वर्तमान जाहाले. यादी सत्तेचाळीस हजारांची होती, लागले सहा हजार आठशे. चार पॅड आणि ब्रेकचे तेल बदलले, दोन चकत्या, दोन कॅलिपर, ड्रम, शू, नळ्या जागच्या जागी राहिल्या. पौष वद्य तृतीयेस ताईसाहेबांस कन्या जाहाली, उभयतां सुखरूप. कळप किती मेंढरांचा होता याची नोंद नाही, कारण मोजणे पुरे होण्याआधीच रस्ता मोकळा जाहाला.